हुतात्मा चौकात एक संध्याकाळ घालवण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय, सोलापूरहून पंच्याहत्तरीचे वडील, आई आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन मुंबईला येताय, फ्लोरा फाउंटनचा चौक नवा केलाय असं कानावर आलंय, तर मुद्दाम जावं का आणि वेळ किती ठेवावा. जावंच. दोन-अडीच तास ठेवा आणि नुसता कारंज्याचा फोटो काढून मागे फिरू नका.

मी चोवीस वर्षं या चौकालगतच्या कचेरीत नोकरी केली. तेव्हा कारंजं म्हणजे गाड्यांच्या गराड्यात अडकलेलं बेट. दगडावर रंगाचे थर चढलेले, जवळ जाऊन बघायची सोय नाही. रोज दोनदा त्याच्या बाजूने जाऊनही मी ते कधी नीट पाहिलं नव्हतं, याचं आज वाईट वाटतं. जानेवारी २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाणी पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी त्या आठवड्यात तीनदा गेलो. रंग उतरवल्यावर खालचा मूळ दगड दिसायला लागला होता. तो इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा दगड. भोवती फरसबंदी झाल्यामुळे आता सावकाश फेरी मारता येते. वर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. खालचे शिंपले आणि डॉल्फिन मुलीला शोधायला सांगा.

कारंजं १८६४ चं. ते मुळात भायखळ्याच्या राणीबागेसाठी होतं, आणि बसलं इथे. ज्या जागी बसलं तिथे पूर्वी मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. तटबंदी त्याच सुमाराला पाडली. माझे आजोबा शेवटपर्यंत 'कोटात जाऊन येतो' म्हणायचे, तो हाच कोट. स्टेशनला चर्चगेट हे नाव पडलं तेही या दरवाजामुळे. आणि दरवाजाला ज्यावरून नाव मिळालं ते चर्च, १७१८ चं सेंट थॉमस, इथून हॉर्निमन सर्कलच्या दिशेला पाच मिनिटांवर आहे.

आता खाली बघा. चौकाच्या कामात खोदताना जुने ट्रामचे रूळ सापडले. त्यांचा तुकडा काळ्या दगडांत बसवून जपलाय. रेल्वेच्या रुळासारखा तो उंच नसतो, जमिनीच्या पातळीत असतो आणि मधोमध चाकासाठी खाच असते. माझ्या भाचीने त्या खाचेत बोट घालून थेट टोकापर्यंत ओढत नेलं होतं. मुंबईत ट्राम १८७४ साली घोड्यांनी ओढायला सुरुवात झाली, १९०७ पासून विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची थांबली. हे रूळ त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ डांबराखाली होते. बहुतेक लोक त्यांच्यावर पाय देऊन पुढे जातात. तुम्ही थांबा.

मग हुतात्मा स्मारक. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. तुमच्या सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, त्यामुळे या शब्दाचं वजन तुम्हाला मी सांगायला नको. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथेच गोळीबार झाला. पुढे मुंबईत आणि सीमाभागातही माणसं गेली. १०६ हा आकडा आपण शाळेपासून ऐकतो, पण नावं किती जण वाचतात? तिथे ती कोरलेली आहेत. मोठ्याने वाचा. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. बस फाउंटनला वळली की ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे, आणि चौक मागे पडला की पुन्हा घालायचे. मला ते कारण कधी बोलले नाहीत. मी नोकरीला लागल्यावर ती नावं वाचली तेव्हा मला कळलं.

येताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींखालून चालत या, आई-वडिलांना सावली मिळेल. मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशनही झालंय, चालणं नको असेल तर ते सोयीचं. दुपारी मात्र येऊ नका, फरसबंदी तापते. चारनंतर या. अंधार पडल्यावर कारंजं उजळतं. पुस्तकवाल्यांचे ढीग बघायचे असतील तर कामकाजाचा दिवस बरा. शांतपणे फिरायचं असेल तर रविवार.

पाय दुखत नसतील तर दहा मिनिटांवर काळा घोडा. जुना घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ मध्ये राणीबागेत नेला. सध्या आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वाराशिवायचा. म्हणजे राणीबागेचं कारंजं फोर्टात आलं आणि फोर्टातला घोडा राणीबागेत गेला. मुलीला हे नक्की सांगा, पोरांच्या लक्षात राहतं. वाटेत राजाबाई टॉवरचे टोले ऐकू येतील.

आणि एक. तुमचे वडील १ मे १९६० ला नऊ-दहा वर्षांचे असतील, म्हणजे जवळपास तुमच्या मुलीच्याच वयाचे. त्या दिवशी सोलापुरात काय झालं होतं, शाळेत काही वाटलं होतं का, हे तिला स्मारकापाशीच आजोबांना विचारू द्या. चहा नंतर घ्या.