माडाची सुई कुजली : दुकानातले टॉनिक नको, पाऊस लागण्यापूर्वी बोर्डो मिश्रण हवे

प्रश्न : आमच्या वाडीत देवळासमोर आणि पाणंदीच्या कडेने आजोबांच्या हातचे माड आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांतील काहींची सुई (शेंड्यातले न उघडलेले कोवळे पान) तपकिरी होऊन वाकली आणि ते माड मेले. दुकानदाराने उरलेल्या माडांना मुळांतून कीटकनाशक व टॉनिक देण्यास सांगितले आहे. ते द्यावे का? गेलेल्या माडांच्या जागी काय लावावे? (मालवण व वेंगुर्ला तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : देऊ नये. आपण वर्णन केलेला रोग म्हणजे कोंब कुजणे असून तो फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे, सततच्या पावसात आणि दमट हवेत पसरतो. कीटकनाशक किडीला मारते, या रोगाला त्याचा उपयोग शून्य. शिवाय मुळांतून दिलेले विष त्याच माडाच्या शहाळ्यात उतरण्याचा धोका असतो आणि ते शहाळे घरातली मुले पितात. टॉनिकाने कुजलेला कोंब पुन्हा उगवत नाही. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला की खालच्या झावळ्या काही महिने हिरव्या राहतात, असलेले नारळही तयार होतात, आणि नेमक्या याच काळात ‘माड अजून जिवंत आहे’ असे सांगून बाटल्या विकल्या जातात. पाडेल्याला वर चढवून सुई हलकेच ओढण्यास सांगावे. ती सहज हातात आली, बुड चिकट झालेले असले आणि कुजका उग्र वास आला, तर खर्च तेथेच थांबवावा.

सुई नुकतीच पिवळी पडू लागली असेल, तर मात्र वेळ दवडू नये. कुजलेला भाग निरोगी पांढरा गाभा दिसेपर्यंत कापून काढावा, जखमेवर दहा टक्के बोर्डो मलम (1 किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी) लावावे आणि नवी सुई येईपर्यंत पाणी आत जाणार नाही असे झाकून ठेवावे.

खरे काम शेजारच्या निरोगी माडांवर आहे. पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे मेअखेरीस, शेंडा आणि झावळ्यांच्या बेचक्या एक टक्का बोर्डो मिश्रणाने भिजवाव्यात. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना यांस 100 लिटर पाणी. मोरचूद व चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून नंतर एकत्र करावे, लोखंडी पिंप वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ कोयता मिनिटभर बुडवावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी, अन्यथा कोवळी पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पावसाने उघडीप दिली की दुसरी फवारणी करावी. एक बजावून सांगतो, मलमाचे प्रमाण फवारणीला वापरू नये. ‘जास्त घातले तर लवकर गुण’ हा समज मी अनेक वाड्यांत पाहिला आहे आणि त्यापायी चांगले माड करपलेलेही पाहिले आहेत. मिश्रण घरी अल्प खर्चात होते, म्हणूनच दुकानात ते कोणी सुचवत नाही.

मेलेला माड उभा ठेवू नये. देवळासमोरचा माड तोडताना जीव तुटतो हे मी जाणतो. परंतु कुजणाऱ्या शेंड्याकडे सोंड्या भुंगा ओढला जातो आणि कुजलेल्या खोडात गेंड्या भुंग्याची पैदास होते. तोडून शेंडा जाळावा, खोड पावसात कुजत ठेवू नये आणि रोगट भाग शेणखताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नये.

नवे रोप जुन्या खड्ड्यात न लावता थोडे बाजूला, दोन माडांत साडेसात मीटर अंतर राखून, मीटरभर लांब, रुंद व खोल खड्ड्यात लावावे. माझा आग्रह बाणवली या उंच जातीचा आहे. आपल्याच वाडीतील निरोगी, भरपूर धरणाऱ्या माडाचे किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणचे, नऊ ते बारा महिन्यांचे, आखूड व जाड बुंध्याचे आणि पाच-सहा पानांचे रोप निवडावे. लवकर फळाच्या आमिषाने फिरत्या टेम्पोतून रोपे घेऊ नयेत. लागवड पावसाच्या सुरुवातीस, पाणी साचणाऱ्या जागी मात्र पाऊस ओसरल्यावर करावी. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेची माती ढासळून बुंध्याभोवती जमते आणि रोप कुजते, म्हणून प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती हाताने बाजूला करावी. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात चुडतांची सावली आणि चार दिवसांआड सुमारे 40 लिटर पाणी द्यावे. पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की तो गेंड्या भुंगा समजून तारेच्या आकड्याने बाहेर काढावा आणि बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू भरावी. पहिल्या वर्षी मोठ्या माडाच्या खतमात्रेचा पाचवा हिस्साच द्यावा. रोप लहान दिसते म्हणून मूठभर युरिया बुंध्याशी टाकणे हा रोप मारण्याचा हमखास मार्ग आहे.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत नारळ आहे. अनुदान तीन वर्षांत 50, 30 व 20 टक्के असे मिळते. अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर करावा. दारातल्या दोन-चार माडांसाठी ही योजना नाही.