पीसी सुरू व्हायलाच इतका वेळ का?

प्रश्न: जुना पीसी आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, चालू केला की नुसता घरघरत बसतो. काय बंद करू?

उत्तर: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप टॅबला जाऊन चॅटिंग अ‍ॅप, गेम लाँचर, कसले कसले अपडेटर, जे 'हाय' इम्पॅक्ट दाखवतंय ते राइट क्लिक करून डिसेबल करा, प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. अँटीव्हायरसला मात्र हात नको. मग प्रोसेसेसमध्ये मेमरी कॉलमवर क्लिक करा, बहुतेक ब्राउझरच वर दिसेल, टॅब कमी करा. ते रॅम बूस्टर, म्हणजे रॅम मोकळी करून देतो म्हणणारी अ‍ॅप, वगैरे टाकू नका हो, उगाच ताप. पेजिंग फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती, तीही बंद करू नका, रॅम भरली की प्रोग्राम धडाधड बंद पडतील. अजून जुनी हार्ड डिस्कच असेल तर एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवा, खरा फरक तिथेच पडतो.