वाचकांचे प्रश्न: अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी कागद जुळवताना

अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्या नातेवाइकांच्या कागदपत्रांविषयी गेल्या दोन महिन्यांत इतकी पत्रे आली, की या वेळचा स्तंभ त्याच एका विषयाला दिला आहे. पत्रे वाचताना जाणवले, की कागद मुळीच नाही अशी अडचण फार थोड्यांची आहे. कागद आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत, ही खरी तक्रार आहे. दाखल्यावर एक तारीख, पासपोर्टवर दुसरी; लग्नाआधी एक नाव, लग्नानंतर वेगळेच. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न: माझ्या बहिणीने न्यू जर्सीतून २००६ साली माझ्यासाठी अर्ज केला होता. आता नॅशनल व्हिसा सेंटरकडून (मुलाखतीआधी कागद जमवणारे अमेरिकेचे सरकारी कार्यालय) कागदपत्रे मागवणारा ईमेल आला आहे. माझा जन्म १९६४ सालचा, घरीच झालेला. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे, तीच पासपोर्टवर आहे. आई-वडील हयात नाहीत. काय करावे? (एक वाचक, वाई)

उत्तर: सर्वप्रथम, १ जूनबद्दल संकोच बाळगू नये. मुलाला जूनमध्ये पहिलीत बसवताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ही तारीख महाराष्ट्रातील आपल्या पिढीतल्या असंख्य लोकांचा अधिकृत वाढदिवस आहे. आपल्या पासपोर्टवर, दाखल्यावर आणि इतर सर्व कागदांवर तीच एक तारीख असेल, तर ती आपली जमेची बाजू आहे आणि तिला आता हात लावू नये.

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा असून तो १ एप्रिल १९७० पासून अंमलात आला. त्याआधीच्या, विशेषतः घरी झालेल्या जन्मांची नोंद अनेकदा मिळत नाही, ही गोष्ट अमेरिकेच्या वकिलातीलाही माहीत आहे. मात्र ‘नोंद नाही’ हे आपण नुसते सांगून भागत नाही. ते जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाने लिहून द्यावे लागते. ज्या गावी जन्म झाला तेथील ग्रामपंचायतीकडे अर्ज करून अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नमुना क्रमांक १०, मागून घ्यावे. ग्रामसेवकाने साध्या कागदावर ‘सदर इसमाची नोंद आढळत नाही’ असे लिहून शिक्का मारून दिला, तर नम्रपणे परत करून विहित नमुन्यातच मागावे. त्या प्रमाणपत्रावर आपले, वडिलांचे आणि आईचे नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव स्पष्ट असावे.

या प्रमाणपत्राला दोन गोष्टींची जोड द्यावी. पहिली म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. दुसरी म्हणजे शपथपत्र, आणि इथे बहुतेकांची चूक होते. तालुक्याच्या कचेरीबाहेर टंकलेखन करणारे गृहस्थ ‘मी शपथेवर सांगतो की माझा जन्म अमुक तारखेस झाला’ असा मजकूर आपल्याच नावाने करून देतात. स्वतःच्या जन्माचा साक्षीदार कोणी नसतो. शपथपत्र आपल्यापेक्षा वयाने मोठ्या अशा नातेवाइकाने द्यायचे असते, ज्याला तो जन्म प्रत्यक्ष ठाऊक आहे. आपली एखादी आत्या, मामा किंवा मोठी चुलत बहीण हयात असेल, तर तिने स्वतःचे वय व पत्ता, आपल्याशी नाते, जन्माची तारीख व ठिकाण, आई-वडिलांची पूर्ण नावे आणि ही माहिती तिला कशी आहे (‘त्या वेळी मी त्याच घरात राहत होते’) हे सर्व लिहावे. शेवटचे वाक्य नसेल, तर शपथपत्राचे वजन निम्मे होते.

आपल्या प्रकरणात आईचे नाव विशेष महत्त्वाचे आहे, कारण आपल्याला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत: आपला जन्म, आणि बहीण व आपण एकाच आई-वडिलांची मुले आहोत हे नाते. जुन्या दाखल्यांवर फक्त वडिलांचे नाव असते. म्हणून शपथपत्रात आणि अनुपलब्धता प्रमाणपत्रात आईचे नाव यायलाच हवे, आणि बहिणीने २००६ च्या अर्जात ते जसे लिहिले होते, त्याच स्पेलिंगने यायला हवे. त्या अर्जाची प्रत बहिणीकडून आधी मागवून समोर ठेवावी, मगच इतर कागद करायला घ्यावेत.

आणखी एक वाट सुचवतो. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना क्रमांक १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मिळू शकते. त्यात बापाचे नाव, जन्माची तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद असते. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असल्याने बाळाचे नाव बहुधा नसते. जन्माचा दाखला म्हणून ती चालेल असे मी म्हणणार नाही, पण पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. मात्र तिच्यावरची तारीख दाखल्यापेक्षा वेगळी निघाली, तर ती जोडण्याआधी जाणकार वकिलाशी बोलावे, आणि मुलाखतीत विचारणा झालीच तर शाळेत तारीख कशी लिहिली गेली हे सरळ सांगावे. कोणी ‘जुन्या तारखेचा दाखला काढून देतो’ म्हणाले, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. खोटा कागद उघड झाला, तर केवळ हा अर्ज जात नाही. अमेरिकेच्या कायद्याने असा अर्जदार कायमचा अपात्र ठरू शकतो.

मराठीतील प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे, असे लिहून सही करायची असते. आणि कृपया दाखले लॅमिनेट करू नयेत. शिक्का खरा की छापील, हे प्लास्टिकखालून कळत नाही.

प्रश्न: माझे लग्न २०१६ साली देवळात झाले, नोंदणी राहून गेली. लग्नात माझे नाव बदलले. पासपोर्ट आणि पदवी माहेरच्या नावाने आहे, आधार आणि बँक सासरच्या नावाने. पती अमेरिकेचे नागरिक झाले असून आता माझ्यासाठी अर्ज भरणार आहेत. (एक भगिनी, चिपळूण)

उत्तर: नोंदणी आज झाली तरी चालते. प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख २०१६ ची आणि नोंदणीची तारीख आजची येईल. त्यात लपवण्यासारखे काही नाही. नोंदणीसाठी लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजींचा पत्ता इतक्या वर्षांनी शोधावा लागतो, तेव्हा त्या कामाला आजच लागावे. पतींचा अर्ज, म्हणजे आय-१३०, या प्रमाणपत्राशिवाय पाठवूच नये.

नावाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आडनाव आणि मधले नाव लग्नाने बदलते, हे परक्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्रावरून समजते. पण आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे पहिले नाव त्याला कसे समजणार? त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत. म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारे महाराष्ट्र शासन राजपत्र काढून ठेवावे.

आता कोणते नाव ठेवावे? माझे मत असे, की पासपोर्ट आणि पदवी माहेरच्या नावाने असेल, तर तेच कायम ठेवून आधार व बँक त्याच्याशी जुळवून घ्यावी. व्हिसा पासपोर्टवरील नावाने मिळतो, पुढे ग्रीन कार्डही त्याच नावाने येते, आणि पदवीची पडताळणी करताना तिथे वेगळे नाव सांगत बसावे लागत नाही. घरातील मंडळींना हे रुचेलच असे नाही. पासपोर्ट बदलायचाच असेल, तर आय-१३० पाठवण्याआधी बदलावा, मुलाखतीच्या तोंडावर नव्हे. कोणतेही नाव ठेवले, तरी डीएस-२६० अर्जात (स्थलांतर व्हिसासाठी आपण स्वतः भरायचा ऑनलाइन अर्ज) ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात दुसरे नाव न चुकता भरावे. तो रकाना रिकामा ठेवणे हीच पुढच्या विलंबाची सुरुवात असते.

प्रश्न: भावाने आमच्यासाठी अर्ज केला तेव्हा मुलगा लहान होता. आता क्रमांक लागला, तेव्हा तो २४ वर्षे २ महिन्यांचा झाला आहे. एकवीस पूर्ण झाल्याने तो वगळला जाईल, असे एजंट सांगतो. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: एजंटाचे ऐकून त्याचे नाव काढून टाकू नये. मुलांच्या दर्जाचे संरक्षण करणारा २००२ चा अमेरिकन कायदा अशाच मुलांसाठी आहे. भावाचा आय-१३० अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत जितका काळ सरकारकडे पडून होता, तितका काळ मुलाच्या वयातून वजा होतो. वय मोजायचे ते व्हिसा क्रमांक उपलब्ध झाला त्या दिवसाचे. समजा अर्ज मंजूर व्हायला ४ वर्षे ३ महिने लागले, तर २४ वर्षे २ महिन्यांतून ते वजा होऊन १९ वर्षे ११ महिने उरतात, आणि मुलगा कायद्याच्या नजरेत एकविसाच्या आतला ठरतो. मंजुरीनंतर रांगेत थांबलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

म्हणूनच आपल्या फाइलमधले सर्वांत मोलाचे कागद म्हणजे भावाकडच्या दोन आय-७९७ सूचना: अर्ज मिळाल्याची आणि अर्ज मंजूर झाल्याची. दोन्हींवरील तारखा पाहून आपण स्वतः वजाबाकी करावी. दोन अटी आहेत. मुलगा अविवाहित असला पाहिजे, आणि क्रमांक खुला झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्याने व्हिसा मिळवण्यासाठी पाऊल उचललेले असले पाहिजे. त्याचा डीएस-२६० त्या मुदतीत भरणे हा त्याचा सरळ मार्ग. घरात स्थळे पाहणे चालू असेल, तर ते तूर्त थांबवावे. साखरपुड्याला हरकत नाही, लग्नाला आहे.

प्रश्न: माझी बहीण निवृत्त आहे, मेहुणे अर्धवेळ काम करतात. आम्ही चौघे जाणार. आर्थिक हमीपत्रात त्यांचे उत्पन्न पुरेल का? माझी शेतजमीन दाखवता येईल का? (एक वाचक, बारामती)

उत्तर: हमीपत्र म्हणजे आय-८६४. हमी देणाऱ्याचे उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या तक्त्याच्या किमान १२५ टक्के असावे लागते, आणि कुटुंबाच्या संख्येत येणारी माणसेही मोजली जातात. बहीण, मेहुणे आणि आपण चौघे, असे सहा जण. २०२५ च्या तक्त्यानुसार सहा जणांसाठी ही रक्कम वर्षाला सुमारे ५३,९०० डॉलर होती. तक्ता दरवर्षी बदलतो. उत्पन्न कमी पडत असेल, तर अमेरिकेत राहणारा कोणीही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो. तो नातेवाईकच हवा असे नाही, पण अशी सही मैत्रीखातर मागण्याआधी विचार करावा, कारण ती जबाबदारी आपण तिथले नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाचे चाळीस तिमाही हिशेब पूर्ण होईपर्यंत, काही अपवाद वगळता, त्याच्या मानेवर राहते.

सहहमीदार मिळाला, तरी बहिणीचे स्वतःचे हमीपत्र द्यावेच लागते. ते नाही म्हणून अडकलेली प्रकरणे मी इतकी पाहिली आहेत, की प्रत्येकाला दोनदा सांगतो. दोघांच्याही हमीपत्रावर सही आणि सोबत सर्वांत अलीकडचे प्राप्तिकर विवरण हवे. शेतजमिनीविषयी: मालमत्ता धरता येते, पण ती वर्षभरात रोख रकमेत बदलता यावी आणि आपल्या नात्याच्या प्रकारात कमी पडणाऱ्या रकमेच्या पाचपट भरावी लागते. सातबारावर चार भावांची नावे असताना हे पटवणे कठीण आहे. सहहमीदारच पाहावा.

प्रश्न: पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणीचा दाखला घेतला आहे. तो चालेल का? मी २००९ ते २०१४ दुबईत नोकरीला होतो. (एक वाचक, मिरज)

उत्तर: नाही. नोकरीसाठी स्थानिक पोलीस देतात तो दाखला वेगळा. व्हिसासाठी पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत अर्ज करून पासपोर्ट कार्यालयाने दिलेले पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागते. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येकाचे वेगळे काढावे. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा अधिक राहिलेल्यांना त्या देशाचेही लागते, त्यामुळे आपल्याला संयुक्त अरब अमिरातीचे प्रमाणपत्र काढावे लागेल. तिथला जुना पासपोर्ट आणि रेसिडेन्सी व्हिसाचे पान शोधून ठेवावे, कारण त्या अर्जात जुन्या वास्तव्याचा तपशील लागतो. भारताचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी कालबाह्य होते, तेव्हा ते फार आधी काढू नये. दुबईचे मात्र, आपण २०१४ नंतर तिथे परत गेला नसाल, तर एकदा काढले की पुरते. तेच आधी हाती घ्यावे.