स्मोकीजच्या जंगलात जुन्या घरांची धुराडी कशी शोधायची?

आधी एक गंमत. मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं की रविवारी जंगलात चिमण्या शोधायला जातोय, तर ती म्हणाली अरे मग मूठभर तांदूळ ने की बरोबर. तेव्हापासून आमच्या घरात धुराडी हाच शब्द चालतो.

तर तुम्ही विचारलंय की डिसेंबरमध्ये अटलांटाहून चार दिवस स्मोकी माउंटन्सला (म्हणजे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या डोंगरांत) जाणार आहात, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, आणि जंगलात जुन्या घरांची नुसती धुराडी उभी दिसतात ती नेमकी कुठे आणि कशी सापडतात. मी जवळच्याच नॉक्सव्हिल शहरात राहतो, गेले सात-आठ हिवाळे हाच उद्योग चालू आहे (बायको याला उद्योग म्हणत नाही, वेगळा शब्द वापरते). पहिली गोष्ट, 'चिमणी टॉप्स' नावाच्या ट्रेलला त्यासाठी जाऊ नका, तो डोंगराचा सुळका आहे, तिथे घरबिर काही नाही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब तिथे जाऊन दमून परत आलं आणि वर मलाच बोललं.

मुळात ही धुराडी जंगलात आली कुठून, तर जंगल नंतर आलं, घरं आधी होती. या डोंगरांचं नॅशनल पार्क झालं १९३४ साली. त्याच्या आधी इथे लहान लहान शेतं होती, मका, सफरचंदाच्या बागा, गिरण्या, शाळा, चर्च, आणि वरच्या अंगाला लाकूड कंपन्यांची तोड. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांनी ती जमीन तुकड्या-तुकड्याने विकत घेतली, रॉकफेलर या गडगंज उद्योगपती घराण्याने ५० लाख डॉलर दिले. कोणी पैसे घेऊन गेले, कोणी कोर्टात भांडले, काहींना मरेपर्यंत राहायची परवानगी मिळाली. पार्कमधल्या लिटल ग्रीनब्रायर वस्तीतल्या वॉकर बहिणी अशाच राहिल्या, त्यातली शेवटची १९६४ पर्यंत. आणि या शेतकऱ्यांच्याही आधी ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, चेरोकी लोकांची होती, त्यातल्या बहुतेकांना १८३८ मध्ये इथून हाकललं, ते कुठल्या धुराड्यावरून कळत नाही एवढंच. बाकी घरं लाकडाची, ती लोकांनी मोडून नेली, पार्कने पाडली किंवा जाळली, उरलीसुरली कुजली. दगड कोण नेणार, म्हणून धुराडं राहिलं.

आता शोधायचं कसं. माझा अनुभव असा की धुराडं शोधायला गेलं की ते सापडत नाही, पाणी शोधायला गेलं की सापडतं. घर झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असायचं, कारण पाणी बाईमाणसालाच वाहायचं असे. म्हणजे ओढ्याकाठी जरा सपाट जागा, तिथे सगळी झाडं एका वयाची आणि सरळसोट, बहुतेक ट्युलिप पॉप्लर, तर ते जुनं शेत समजा. शेताच्या कडेला दगडांचे ढीग किंवा गुडघाभर उंचीची भिंत, नांगराला आडवे आलेले दगड काढून रचलेले. मग एक खोलगट पट्टी दिसते, दोन्ही बाजूंना बांध, ती जुनी गाडीवाट. तिच्यावरून चालत राहिलात की नव्वद टक्के काम झालं.

आणि झाडं बघा, झाडं खोटं बोलत नाहीत. जंगलात मधेच युक्का किंवा बॉक्सवुड अशी बागेतली झुडपं दिसली तर ती कुणीतरी दाराशी लावलेली आहेत. व्हिन्काचा (जमिनीवर पसरणारी वेल, आपली सदाफुली नव्हे) हिरवा गालिचा दिसला तर जरा जपून चाला, ती बऱ्याचदा कबरींवर लावायचे, आणि कबरी म्हणजे काय तर नाव नसलेले उभे दगड. मार्चमध्ये आलात तर काम अजून सोपं, घर जाऊन ऐंशी-नव्वद वर्षं झाली तरी डॅफोडिल्स रांगेत उगवतात, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना. मला यात काही नवीन वाटलं नाही कारण मामाचं गाव कोयनेच्या धरणात उठलं, आणि बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाताना पलीकडच्या जंगलात आम्ही हेच बघायचो, घर नाही पण जोतं आहे, जोत्यापुढे वृंदावन आणि वर चाफा. इथे पार्कच्या दक्षिणेला फोंटाना धरण आहे, १९४४ चं, तिथली हेझल क्रीकची वस्ती बघायला तसंच बोटीने जावं लागतं. पलीकडच्या कबरस्तानांकडे जायला रस्ता करून देऊ असं सरकारने लिहून दिलं होतं, तो एका बोगद्यापाशी येऊन थांबला आणि २०१० मध्ये रस्त्याऐवजी पैसे देऊन विषय मिटवला. पुनर्वसन हा शब्द ऐकला की आमच्या मामाचा चेहरा जसा होतो तसा इथल्या म्हाताऱ्यांचाही होतो.

धुराडं सापडलं की लगेच फोटो काढून निघू नका, पाच मिनिटं बघा. माझं सगळ्यात आवडतं एक आहे (जागा सांगत नाही), त्याला खाली चूल आहे आणि बरोबर तिच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर, हवेत दुसरी छोटी चूल, म्हणजे घर दुमजली होतं आणि वरची जमीन गेली तरी चूल तिथेच लटकलीये. खालच्या चुलीवर दगड तोलायला एक जाड लोखंडी पट्टी आहे, ती वाकलीये. जिथे पट्टीऐवजी लाकूड घातलेलं होतं तिथे ते कुजून पुढचा भाग कोसळलेला दिसतो. आत हात घातला (घालू नका, पुढे सांगतो) तर दगड काळेच. सिमेंट नाही, दगडांच्या फटीत नुसती चिकणमाती, आणि एका बाजूचे दगड जास्त धुतलेले, तिथे भिंत आधी पडली असणार.

हात का घालू नका, तर रॅटलस्नेक आणि कॉपरहेड या विषारी सापांना अशा दगडी फटी फार आवडतात. डिसेंबरच्या थंडीत सहसा बाहेर नसतात, पण सवय नको. आणि मुलाला धुराड्याला टेकू देऊ नका, चढू तर अजिबात नाही, माती धुपलेली असते.

माझी फजिती पण सांगतो. दुसऱ्याच हिवाळ्यात जुन्या टोपो नकाशावर (डोंगर-ओढे-घरं दाखवणारे सरकारी नकाशे, यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साइटवर फुकट मिळतात, घरं म्हणजे बारीक काळे चौकोन) एक चौकोन बघितला, ट्रेलपासून जेमतेम पाव मैल, म्हटलं दहा मिनिटांचं काम आणि घुसलो. मध्ये ऱ्होडोडेंड्रॉन. हिवाळ्यातही त्याची पानं झडत नाहीत आणि फांद्या अशा गुंतलेल्या की जमिनीला पाय लागत नाही, इथले लोक त्याला सरळ 'हेल', म्हणजे नरक म्हणतात, उगाच नाही म्हणत. दोन तास, एक फाटलेलं जॅकेट, आणि चष्मा अजून तिथेच आहे. चौकोनापर्यंत पोचलोच नाही.

तुम्हाला मुलगा बरोबर आहे तर ट्रेल सोडायची गरजच नाही. पार्कमध्येच एल्कमाँट नावाची जागा आहे, तिथे लिटल रिव्हर ट्रेलच्या सुरुवातीलाच धुराडी आहेत, रुंद सपाट वाट आहे. फक्त ती शेतकऱ्यांची नाहीत, नॉक्सव्हिलच्या पैसेवाल्यांच्या उन्हाळी बंगल्यांची आहेत, बहुतेकांची लीज १९९२ ला संपली. मला स्वतःला पार्कमधलंच ग्रीनब्रायर (वॉकर बहिणींचं लिटल ग्रीनब्रायर वेगळं) जास्त आवडतं. पोर्टर्स क्रीक ट्रेलचा पहिला मैल करा, दगडी भिंती, कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या, छोटं कबरस्तान, आणि पुढे १८७५ चा गोठा. तिथूनच जवळ ओल्ड सेटलर्स ट्रेल सुरू होतो, धुराड्यांसाठी तोच खरा, पण पूर्ण साधारण १६ मैलांचा आहे आणि ओढे ओलांडावे लागतात, तुम्ही तासभर आत जाऊन परत फिरा. पाचनंतर अंधार पडतो, फोनला रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करा. गाडी १५ मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, तुम्ही आठवड्याचाच घ्या.

आणि काहीही उचलायचं नाही, बाटली, खिळा, फुटकी बशी, काहीच नाही, कायद्याने गुन्हा आहे, मेटल डिटेक्टर तर गाडीतही आणू नका. आमच्या मुलीने एकदा निळ्या काचेचा तुकडा खिशात घातला होता, गाडीपाशी आल्यावर कळलं, परत दीड मैल चालत जाऊन तो होता तिथे ठेवला, जाताना ती रडत होती आणि येताना मी.