ट्रिगरचं नाव नको, तोंड बघा

प्रश्न : माझ्या चार फुटी सागरी टाकीत मऊ प्रवाळ, दोन क्लीनर कोळंब्या आणि थोडे शंख आहेत. मुंबईच्या दुकानदाराने 'रीफला (प्रवाळाच्या टाकीला) चालतो' म्हणून दोन इंची ट्रिगर मासा पाठवलाय. हिरवट अंग, त्यावर तिरप्या केशरी रेघा, शेपूटही केशरी. ठेवू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका ठेवू. वर्णनावरून हा अंड्युलेटेड ट्रिगर. शेपटीच्या देठावर काळा डाग असेल तर शंकाच नको. पुरा वाढला की 30 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि ट्रिगरांमध्ये याच्याइतका भांडखोर क्वचितच.

मीही एकदा 'एवढंसं पिल्लू काय करणार' म्हणून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी कोळंबीच्या नुसत्या मिशा तरंगत होत्या. मग रात्री टक-टक, टक-टक. आई उठून म्हणाली, "शेजारी परत माग लावला का रे कुणी?" बॅटरी मारली, तर हे महाशय शंख तोंडात धरून काचेवर आपटत होते. कडक भाकरी मोडावी तसा फोडला.

दुकानातल्या नावावर जाऊ नका, तोंड बघा. तोंड समोर किंवा किंचित खाली आणि जबडा दणकट, तर तो शंख, खेकडे, समुद्री साळू (सी अर्चिन) फोडणारा. क्लाउन, पिकासो, टायटन सगळे त्यातलेच. तोंड वर वळलेलं असेल तर तो पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य टिपतो. ब्लूजॉ ट्रिगर असा आहे. नराचा गळा निळा, परांना पिवळी कड. प्रवाळाला तो सहसा त्रास देत नाही, कोळंबीची मात्र हमी मी देणार नाही. गडद निळा, लाल दातांचा नायजरही याच चालीचा, पण 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तुमच्या चार फुटांत दोन्हींपैकी एकही कोंबू नका.

आता पकडताना जाळी नको. पाठीवरचा मोठा काटा जाळीत अडकतो. दगडाच्या फटीत शिरून काटा उभा केला, तर ओढूनही निघत नाही. मागचा छोटा काटा दाबला तरच मोठा पडतो, म्हणूनच तर नाव ट्रिगर. प्लॅस्टिकच्या डब्यात हळूच हाकला, बोट मध्ये घालू नका. पिशवी तो चावून फोडतो, तेव्हा परत पाठवताना झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून मगच पिशवीत भरा.