एसव्हीसीहोस्ट अकामाईशी काय बोलतोय?

लॅपटॉपवर हे कनेक्शन दिसलं म्हणून घाबरू नकोस, आणि लगेच फॉरमॅट तर अजिबात मारू नकोस. ब्राउझर बंद असतानाही एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या पडद्यामागच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) अकामाईच्या पत्त्याशी जोडलेला दिसतो, हे अगदी रोजचं आहे. विंडोजचे अपडेट, डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या नव्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या याद्या) अशा फाइली अकामाईसारख्या, जगभर सर्व्हर ठेवून इतरांच्या फाइली जवळून पोचवणाऱ्या (सीडीएन) कंपन्यांकडून वाटल्या जातात. कोथरूडमधल्या प्रत्येक लॅपटॉपने थेट अमेरिकेत धाव घेतली तर कसं व्हायचं!

शिवाय नेट चालू आहे का हे तपासायला विंडोज एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागवते. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. अशा तपासण्या फसल्या की टास्कबारवर ‘नो इंटरनेट’ झळकतं. एखाद्या साइटचं किंवा प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) रद्द झालंय का, याचीही चौकशी अधूनमधून होते.

आता खरं काम. रिसोर्स मॉनिटर उघड, नेटवर्क टॅबमध्ये एसव्हीसीहोस्टच्या त्या प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक) बघ. मग कमांड प्रॉम्प्टवर टास्कलिस्ट, स्पेस, स्लॅश एसव्हीसी असं इंग्रजीत टाक. त्या पीआयडीत कुठल्या सर्व्हिस चालल्यात ते कळेल. एसव्हीसीहोस्टची फाइल विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमधली नसेल, डाउनलोड्समधली वगैरे असेल, तर मात्र कान टवकार. नुसता पत्ता ओळखीचा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. मालवेअरही सीडीएनच्या आडून बोलतं.

फायरवॉलमध्ये अकामाईचे आयपी (नेटवरचे पत्ते) ब्लॉक करायचा उद्योग नको. एकाच आयपीवर ढीगभर साइट असतात, उद्या बँकेचं पान उघडेना म्हणून डोकं धरशील. हॉटस्पॉटचा डेटा संपतोय एवढीच तक्रार असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायचं) करून टाक.