विमा कंपनीत मोठं पद: संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीनं आत्ता काय करावं?

सांगलीच्या ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. तिला विमा कंपनीत अगदी वरपर्यंत जायचंय. घरचे एमबीए कर म्हणतात. दीर विमा एजंट आहेत, ते म्हणतात, ‘तोवर तिच्या नावावर एजन्सी घेऊ, धंदा मी बघतो.’ आणि तुम्ही विचारलंय, या मोठ्या पदांसाठी सरकारची काही परीक्षा असते का?

परीक्षा नसते. पण कंपनीला वाटेल त्याला खुर्चीत बसवताही येत नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ३४अ प्रमाणे व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायला ‘इर्डाई’ची, म्हणजे हैदराबादच्या विमा नियामकाची, आधी मंजुरी लागते. लोक आज हप्ता भरतात आणि दावा कधी कधी तीस वर्षांनी येतो. तोवर तो पैसा कोणाच्या हाती आहे, हे तपासायला नको का? वित्त, गुंतवणूक, जोखीम, कम्प्लायन्स (नियमपालन) सांभाळणारे प्रमुखही ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे पदासाठी लायक आणि विश्वासू, ठरावे लागतात. शिक्षण आणि अनुभव तर बघतातच, शिवाय माणसाचा आर्थिक व्यवहार आणि सचोटीही बघतात.

आता तुमच्या मुलीचं. या सगळ्यांत एक पद असं आहे, जिथे एमबीएचा उपयोगच नाही: अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरी. हा कंपनीच्या जोखमीचा आणि देण्यांचा गणिती हिशेब बघणारा तज्ज्ञ. प्रत्येक विमा कंपनीला तो नेमावाच लागतो. हप्ता पुरेसा आहे का, पुढच्या दाव्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, सॉल्व्हन्सी रेशो, म्हणजे गरजेच्या भांडवलाच्या तुलनेत कंपनीकडे असलेलं भांडवल, किमान १.५ पट राहतंय का, यावर त्याची सही लागते. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची फेलोशिप, म्हणजे सगळ्या परीक्षा पार केल्यावर मिळणारं पूर्ण सदस्यत्व, हवी. तिची प्रवेश परीक्षा ‘एसेट’ बारावीनंतरच देता येते, म्हणजे मुलगी आजही बसू शकते. पुढे तेरा विषय आहेत. ते कठीण आहेत, नोकरी करत करत बरीच वर्षं जातात, आणि हुशार मुलंही एखाद्या विषयात दोन-तीनदा अडकतात. तेव्हा घरच्यांनी ‘अजून झालं नाही का?’ असं विचारू नये, एवढी माझी विनंती. पण पहिले काही पेपर सुटले की कंपन्यांत शिकाऊ म्हणून दारं उघडू लागतात. एमबीएसाठी कर्ज काढण्याआधी एसेट देऊन बघा, असं मी ठामपणे सांगेन.

आकडेमोडीत रमली नाही, तर सीए करून वित्त विभागाकडे जाता येईल, किंवा कंपनी सेक्रेटरीचा रस्ता आहे.

दिरांच्या सुचवणीला मात्र स्पष्ट नाही म्हणा. ही पद्धत घरोघरी दिसते, म्हणून ती बरोबर होत नाही. काकांनी चुकीची पॉलिसी गळ्यात मारली, तरी फॉर्मवर सही तिची, तक्रारही तिच्यावर. उद्या मोठ्या पदासाठी तिची पार्श्वभूमी तपासतील, तेव्हा ‘धंदा काका बघायचे’ हे उत्तर चालणार नाही. शिवाय कलम ४८अ एजंटला विमा कंपनीच्या संचालकपदावर सहसा येऊच देत नाही.

फॉर्म अजून भरला नसेल तर दीर सही मागायच्या आत त्यांच्याशी बोलून घ्या. भरला असेल, तर ती एजन्सी आधी रीतसर बंद करा आणि बंद केल्याचं पत्र जपून ठेवा.